मदत हवी आहे: सी हॉक वैमानिक काकांच्या जुन्या कॅसेट

वास्कोत आमच्या शेजारी राहणारे काका अलीकडेच गेले. १९७१च्या युद्धात ते 'विक्रांत' या विमानवाहू नौकेवरून सी हॉक लढाऊ विमानं उडवायचे. ४ डिसेंबरला तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला केला तीच विमानं. चवथीला आरती आटोपली की आम्ही पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायचो. स्वतःच्या पराक्रमाबद्दल चकार शब्द नाही. सगळं बोलणं 'विक्रांत'च्या तडा गेलेल्या बॉयलरचं. डेकवरून उडायला समोरून जोराचा वारा लागतो; इथे जहाजाला पुरेसा वेग नाही, वारा पडलेला, आणि तरी विमानं उडवायची!

काकींकडे त्यांच्या आवाजातल्या कॅसेट आहेत. काहींना बुरशी लागलीय (आपला पावसाळा, दुसरं काय). वास्को, मडगाव किंवा पणजीत बुरशी साफ करून कॅसेट डिजिटल करून देणारं कुणी खात्रीचं आहे का? कुरिअरने पाठवायला काकी तयार नाहीत, मलाही ते पटत नाही. तोवर टेपरेकॉर्डरवर लावून बघू नये ना?

शिवाय बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक ठेवलंय. तिथे अशा ध्वनिफिती घेतात का? कुणाशी बोलावं? दाबोळीला 'हंसा' या नौदल तळावर नोकरी केलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा.