समुद्र तापल्याचा धोका: पाचही मासे 'मध्यम' येतात, गुणांकन कुठे चुकतंय?

कृष्णाकाठ (सांगली)
एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बोंबील, तारली, बांगडा, पापलेट, सुरमई यांना वाढत्या तापमानाचा धोका किती, याची क्रमवारी लावतोय. संवेदनशीलतेचे १२ निकष घेतले, प्रत्येकाला १ ते ४ गुण दिले, सरासरी काढली. पाचही २.० च्या आसपास! शिवाय सांगलीच्या मासळी बाजारातले नमुने घेऊन कोणता मासा उत्तरेला सरकतोय तेही दाखवायचंय. चालेल का?

मिरजेचा_मत्स्यवाला
घोळ सरासरीचा आहे. समजा तीन निकषांत ३.६, ३.५, ३.७ आणि उरलेल्या नऊंत १.६. सरासरी २.१, म्हणजे 'मध्यम'. पण मासा त्या तीन ठिकाणीच मार खाणार, बाकीचे नऊ त्याला वाचवत नाहीत. अमेरिकेच्या नोआ या समुद्र आणि हवामानाचा अभ्यास करणाऱ्या सरकारी संस्थेच्या पद्धतीत म्हणून नियम वेगळा: तीन निकष ३.५ किंवा वर असले तर 'अति उच्च', दोन ३.० किंवा वर असले तर 'उच्च', दोन २.५ किंवा वर असले तर 'मध्यम', नाहीतर 'कमी'.

कृष्णाकाठ
आणि ज्या निकषाची माहितीच मिळत नाही, तिथे मधला २ देऊ का?

मिरजेचा_मत्स्यवाला
अजिबात नको, त्यानंच सगळं मध्याकडे ओढलं जातं. प्रत्येक निकषाला पाच खुणा घ्या आणि १ ते ४ गुणांच्या चार रकान्यांत वाटा. शंका असेल तर पसरून टाका: ०, १, २, २ अशी वाटणी केली तर गुण ३.२. शेजारी माहितीचा दर्जा ० ते ३ मध्ये वेगळा लिहा. निदान चार जणांकडून एकमेकांचं न बघता गुण घ्या, मग चर्चा करा.

वाई_सातारा
संवेदनशीलता ही एक बाजू; दुसरी बाजू म्हणजे समुद्र किती तापणार. तिथे भावी सरासरीतून जुनी सरासरी वजा करून जुन्या प्रमाण विचलनानं (म्हणजे तापमान पूर्वी सरासरीच्या किती वरखाली व्हायचं, त्या मापानं) भागतात. २ च्या वर गेलं की 'अति उच्च'. उष्ण कटिबंधात मुळात चढउतार कमी, भाजक लहान, त्यामुळे जवळपास सगळेच मासे वरच्या वर्गात जातात. ते खरंच आहे, पण त्यानं क्रमवारी लागत नाही. निकाल बघून सीमा बदलू नका. माशाच्या वावराचा पट्टा, खोली आणि अंडी घालण्याचे महिने धरून आकडे काढा. तळाशी राहणाऱ्या माशाला उपग्रहाचं पृष्ठतापमान लावणं तर सरळ चूक. शेवटी दोन्ही बाजूंच्या वर्गांचे अंक ('कमी' १ ते 'अति उच्च' ४) गुणा: ४ × ३ = १२, आणि १२ पासून वर 'अति उच्च'.

रत्नागिरी_ते_सांगली
बाजाराचं सांगतो. बर्फातून आलेली पेटी कोणत्या बंदराची हे विक्रेता सांगेलही, पण जाळं कुठे पडलं ते कळत नाही. त्यामुळे सरकण्याचा पुरावा म्हणून हे नमुने बाद. लांबी आणि, आतडी न काढलेला मासा मिळाला तर, गोनाडची (अंडाशय किंवा वृषणाची) अवस्था यासाठी मात्र उपयोगी. त्यातही १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना बंदी असते. या दोन महिन्यांची जागा आलेखात रिकामीच ठेवा, रेघ जोडू नका, नाहीतर प्रजननाचा काळ चुकीचा दिसेल आणि तोच तुमच्या १२ निकषांपैकी एक आहे.