आधी होऊन गेलेला आजार नव्या आजारात तारतो की मारतो?

राजारामपुरीकर :
गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलाला डेंग्यू झाला होता. तो पूर्ण बरा झाला, परंतु तपासणी संपवताना डॉक्टरांनी बजावले की यापुढे ताप आल्यास तो अंगावर काढू नये, कारण दुसऱ्यांदा होणारा डेंग्यू अधिक त्रासदायक ठरू शकतो. घरी आईला हे मुळीच पटलेले नाही. तिच्या मते गोवर आणि कांजिण्या एकदा येऊन गेल्या की पुन्हा येत नाहीत, मग डेंग्यूनेच उलटे का वागावे? देवीची लसही गाईंच्या देवीवरूनच निघाली, म्हणजे एका आजाराने दुसऱ्यापासून वाचवल्याचे उदाहरण जुनेच आहे. आधीचा संसर्ग शरीराला केव्हा उपयोगी पडतो आणि केव्हा अपायकारक ठरतो, हे कोणी समजावून सांगेल काय?

सूक्ष्मजीव_अध्यापक :
मी डॉक्टर नाही. महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. आपल्या आईंचे म्हणणे गोवरापुरते अगदी बरोबर आहे, कारण गोवराच्या विषाणूचे बाह्य रूप इतके स्थिर आहे की एकदा तयार झालेली प्रतिकारशक्ती त्याच्या कोणत्याही वाणाला पुरते. देवीच्या बाबतीत जेन्नर या इंग्रज डॉक्टराने 1796 मध्ये जे दाखवले, तेही याच कारणाने शक्य झाले: गाईंच्या देवीचा विषाणू माणसाच्या देवीशी इतका मिळताजुळता होता की एकाविरुद्ध तयार झालेल्या अँटिबॉडी (विषाणूला चिकटून त्याला रोखणारी शरीरातील प्रथिने) दुसऱ्यालाही निकामी करत असत.

डेंग्यूचे मात्र चार प्रकार आहेत आणि ते एकमेकांसारखे आहेत, परंतु पुरेसे नाहीत. अडचण नेमकी या अर्धवट साम्यात आहे. एका प्रकाराचा संसर्ग होऊन गेल्यावर त्या प्रकारापासून दीर्घकाळ, बहुधा जन्मभर, संरक्षण मिळते, तर उरलेल्या तिघांपासून मिळणारे संरक्षण काही महिन्यांत ओसरते. त्यानंतर दुसरा प्रकार शरीरात आला, तर जुन्या अँटिबॉडी त्याला चिकटतात, पण निष्प्रभ करू शकत नाहीत. आणि अँटिबॉडी चिकटलेली कोणतीही वस्तू ओढून आत घेणे हे ज्या पांढऱ्या पेशींचे काम आहे, त्याच पेशींत डेंग्यूचा विषाणू वाढतो. परिणामी, ज्या अँटिबॉडीने शत्रूला अडवायचे तीच त्याला आत शिरण्यास मदत करते.

हा केवळ प्रयोगशाळेतला तर्क नाही. क्युबामध्ये 1977 साली पहिल्या प्रकाराची मोठी साथ आली आणि ती बहुतांशी सौम्य होती. 1981 मध्ये दुसरा प्रकार आला, तेव्हा 158 जणांचा मृत्यू झाला आणि गंभीर रुग्णांपैकी बहुतेकांना आधी डेंग्यू होऊन गेला होता. पुढे 1997 मध्ये त्याच देशातील सांतियागो शहरात दुसऱ्या प्रकाराची साथ पुन्हा आली, त्या वेळी गंभीर आजार मुख्यतः अशा प्रौढांना झाला ज्यांना सुमारे वीस वर्षांपूर्वी पहिल्या प्रकाराचा संसर्ग झाला होता. शरीराची ही स्मृती इतकी दीर्घकाळ टिकते. अँटिबॉडींचे प्रमाणही येथे महत्त्वाचे आहे: निकाराग्वातील मुलांचा जो अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात भरपूर अँटिबॉडी असलेली मुले सुरक्षित राहिली आणि मध्यम प्रमाण असलेल्यांना गंभीर आजाराचा धोका सर्वाधिक होता.

तरीही घाबरून जाऊ नये, कारण दुसऱ्यांदा डेंग्यू झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक बरे होतात. ताप उतरू लागल्यावर पोटात तीव्र वेदना, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण ग्लानी दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तापासाठी पॅरासिटामॉल चालते; ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन टाळावे. आपल्याकडे घरोघरी प्लेटलेटच्या आकड्यावर आणि पपईच्या पानांच्या रसावर जितकी चर्चा होते, तितकी रुग्णाच्या पोटात किती पाणी जाते यावर झाली तर अधिक उपयोग होईल.

पंचगंगाकाठ :
वरील उत्तर डेंग्यूपुरते उत्तम आहे. पण जुन्या संसर्गाने भले झाल्याचीही उदाहरणे द्यायला हवीत. 2009 मध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात आणि पाठोपाठ आपल्याकडे धास्ती पसरवली, तेव्हा नेहमीच्या फ्लूला बळी पडणारे वृद्ध लोक तुलनेने कमी आजारी पडले. 1918 च्या फ्लूच्या साथीतील विषाणूचे वंशज 1957 पर्यंत माणसांत फिरत होते आणि 2009 चा विषाणू त्यांच्याशी बऱ्याच अंशी जुळत होता. अमेरिकेत तपासलेल्या रक्तनमुन्यांत साठीपुढील सुमारे एकतृतीयांश लोकांकडे त्याला रोखू शकणाऱ्या अँटिबॉडी आढळल्या. मुलांकडे त्या जवळपास नव्हत्या.

लहानपणी झालेला पहिला फ्लू कोणत्या गटाचा होता, यावर पुढील आयुष्यातील संरक्षण काही अंशी ठरते. बर्ड फ्लूच्या रुग्णांचे जन्मवर्ष तपासले असता 1968 च्या आधी जन्मलेल्यांना एच5एन1 या बर्ड फ्लूच्या प्रकाराचा आणि नंतर जन्मलेल्यांना एच7एन9 या दुसऱ्या प्रकाराचा गंभीर आजार तुलनेने कमी झाल्याचे दिसले, कारण त्या वर्षी माणसांतला प्रमुख फ्लू एच5एन1 ज्या गटात मोडतो त्यातून एच7एन9 च्या गटात गेला.

कोविडच्या बाबतीत चित्र इतके स्पष्ट नाही. साथीपूर्वी साठवलेल्या काही रक्तनमुन्यांत नव्या विषाणूला ओळखणाऱ्या टी पेशी आढळल्या आणि त्या सर्दीच्या नेहमीच्या कोरोना विषाणूंमुळे आल्या असाव्यात. टी पेशी विषाणूला पेशीत शिरण्यापासून अडवत नाहीत, त्या शिरकाव झालेल्या पेशी नष्ट करतात. म्हणून त्यांच्यामुळे आजार सौम्य होऊ शकतो, संसर्ग मात्र टळतोच असे नाही.

राजारामपुरीकर :
दोघांचेही आभार. आईला क्युबाचे उदाहरण वाचून दाखवले. तिचा विरोध पुष्कळ मावळला आहे. आता दोन शंका उरल्या. डेंग्यूची लस देऊन हा धोका टाळता येईल का? आणि मुलाच्या अंगात जुन्या अँटिबॉडी आहेत की नाहीत, हे मुद्दाम तपासून घ्यावे का?

कागलकर_पॅथॉलॉजी :
लसीचा अनुभव याच विषयाला धरून आहे. फिलिपिन्समध्ये 2016 पासून शाळकरी मुलांना डेंग्व्हॅक्सिया ही लस देण्यात आली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झाला होता त्यांना तिचा फायदा झाला, पण ज्यांना तो कधीच झाला नव्हता त्यांच्या शरीराने लसीलाच पहिला संसर्ग मानले आणि पुढे खरा डेंग्यू झाल्यास गंभीर आजाराची शक्यता वाढली. हे 2017 च्या अखेरीस जाहीर झाल्यावर तेथील मोहीम थांबवण्यात आली. त्यामुळे कोणतीही लस घेण्याआधी ती कोणासाठी आहे, हे बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

निरोगी असताना केवळ आयजीजी (जुन्या संसर्गानंतर रक्तात टिकून राहणाऱ्या अँटिबॉडी) तपासणी करून विशेष काही हाती लागत नाही. जपानी मेंदूज्वर किंवा झिका यांसारख्या डेंग्यूच्या भाऊबंदांमुळेही ती सकारात्मक येऊ शकते, आणि आधीचा डेंग्यू कोणत्या प्रकारचा होता ते तिच्यावरून कळत नाही. मुलाच्या गेल्या वर्षीच्या अहवालात एनएस1 (डेंग्यूच्या विषाणूचे प्रथिन शोधणारी तपासणी) सकारात्मक असेल, तर तोच पुरावा अधिक भरवशाचा आहे. तो कागद जपून ठेवा आणि पुढच्या तापात पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आजाराच्या सुरुवातीलाच आयजीजीचे प्रमाण जास्त आढळले, तर दुसऱ्यांदा संसर्ग झाल्याचा अंदाज त्यांना लवकर बांधता येईल.