मदत हवी आहे: मुलीचा फोन काढून घेऊ का?

सांजवारा: लवकर सांगा कोणीतरी, आज रात्रीच ठरवायचंय. लेकीच्या मित्राने तिचे सगळे पासवर्ड घेतलेत, लोकेशन कायम चालू ठेवायला लावतो, दहा मिनिटांत रिप्लाय नाही गेला की फोनवर फोन. काल दंडावर बोटांचे वळ दिसले, विचारलं तर म्हणे जिन्यात धडपडले. फोन काढून घेतला तर सुटेल ना? हे म्हणतात क्लासच बदलू.

चकवा: वय किती? आणि पासवर्डचं तिने सांगितलं की तुम्ही फोन चाळलात?

सांजवारा: सोळा. चाळला, तिला माहीत नाही.

जुनंखोड: सरळ त्या मुलाच्या घरी जा, बापासमोर विचारा. पुतणीच्या वेळी आम्ही तेच केलं, आठ दिवसांत सगळं बंद.

रानजाई: दादा, त्याचा त्रास बंद झाला की तिचं तुम्हाला सांगणं? माझ्या घरचे असेच गेले होते, दुसऱ्या दिवशी मार मी खाल्ला. ताई, फोन काढू नका, मैत्रिणींपासून तो तिला आधीच तोडत असणार, उरलेलं तुम्ही नका तोडू. लोकेशनही एकदम बंद नको, त्याला लगेच कळतं आणि सोडून जायच्या वेळीच धोका सगळ्यात जास्त असतो. आधी येण्याजाण्याला सोबत ठरवा. आज एवढंच म्हणा, वळ बघून मी घाबरले, तुझ्यावर रागावले नाहीये.

खडूफळा: मी शिकवतो म्हणून सांगतो, हे आठवी-नववीतच शिकवायला हवं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात १९९० च्या दशकात सेफ डेट्स म्हणून कार्यक्रम झाला, वर्गात तास, नाटक, पोस्टर. चार वर्षांनी पाहिलं तरी त्या मुलांमध्ये मारणं आणि सोसणं दोन्ही कमी होतं. मुलग्यांशी कोण बोलतंय आपल्याकडे?

जुनंखोड: सर, त्यांना आज रात्रीचं हवंय.

पिंपळपान: मुलांवर लक्ष ठेवायचं चांगलं ॲप कोणतं?

रानजाई: नको हो, तिच्यावर एक जण पाळत ठेवतोच आहे.

सांजवारा: एक लिहायचं राहिलं, तो म्हणतो सोडलंस तर जीव देईन. म्हणून ती अडकलीये.

रानजाई: मग हे त्याच्या घरच्यांना कळायलाच हवं, पण आधी तिला सांगून. त्याचा जीव सांभाळणं सोळा वर्षांच्या पोरीचं काम नाही, हे तिला तुमच्या तोंडून ऐकू दे.

चकवा: वळांचा फोटो काढलात का? आणि गळा दाबला होता का कधी, हे हळूच विचारा. दाबला असेल तर लगेच डॉक्टर, बाहेरून खूण दिसत नाही कित्येकदा.

सांजवारा: गळ्याचं डोक्यातच आलं नव्हतं. आली ती, जाते.