व्हेंटिलेटेड सीट चालू असूनही पाठ घामानं चिंब. सीट बिघडली आहे की माझं काही चुकतंय?

रोजची वाट

नमस्कार. चार महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली. रोज जाऊन-येऊन १३० किलोमीटर होतात, त्यातले जवळजवळ तीन तास उन्हात. कंबरेच्या मणक्याचं दुखणं आहे, त्यामुळे डॉक्टरांनी पाठ पूर्ण टेकूनच बसायला सांगितलंय. म्हणजे पाठ सीटपासून सुटतच नाही. दर उन्हाळ्यात घामोळ्यांनी भरून येते, रात्री कुशीवर झोपावं लागतं. म्हणूनच बाकीचं सगळं बाजूला ठेवून व्हेंटिलेटेड सीटवालं मॉडेल घेतलं.

बटण तीन नंबरवर ठेवते, निळे दिवे लागतात, सीटखालून घूंऽऽ असा आवाजही येतो. पण गार काही लागत नाही. घरी पोचून उतरले की कुर्ता पाठीला चिकटलेला. सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवलं, त्यांनी दोन मिनिटांत "फॅन चालू आहे, सीट ओके आहे" म्हणून गाडी परत दिली.

ही सीट नक्की किती गार व्हायला हवी? की वरून टाकायची पंख्याची गादी मिळते तीच घेऊ?

वायरिंगवाला

ताई, गादी अजिबात घेऊ नका, आधी हे वाचा. गाड्यांचे एसी, वायरिंग आणि सीटची कामं करून मला १७ वर्षं झाली. अशा तक्रारी घेऊन आलेल्या गाड्यांपैकी फॅन खरोखर जळालेल्या फार थोड्या.

पहिली गोष्ट म्हणजे ही सीट गार होत नाही. तिच्यात गार करणारं काही नसतंच. फोममध्ये हवा फिरायला खाचा असतात, त्यावर जाळीदार थर, त्यावर भोकं पाडलेलं लेदर आणि खाली एक छोटा पंखा. एवढंच. काम करतो तो तुमचा घाम. एक ग्रॅम घाम सुकताना सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता ओढून घेतो. शांत बसलेलं माणसाचं शरीर साधारण १०० वॉट उष्णता बाहेर टाकत असतं, म्हणजे मिनिटाला ६ किलोज्यूल. अडीच ग्रॅम घाम नीट सुकला तरी तेवढी उष्णता निघून जाते. पण पाठ आणि मांड्या सीटला दाबलेल्या असतात, तिथे वारा पोचत नाही. घाम येतो, पण सुकत नाही. पंखा फक्त ती वाट मोकळी करतो. त्यामुळे हात लावून "गार लागते का" हे बघू नका, उतरल्यावर पाठ कोरडी आहे का ते बघा.

खरोखर गार करणाऱ्या सीटही असतात. काहींमध्ये एसीची हवा डक्टनं सीटपर्यंत आणलेली असते. काहींमध्ये पेल्टियर चकती असते: वीज सोडली की एक बाजू गार, दुसरी गरम. हा परिणाम १८३४ मध्येच सापडला होता, गाडीच्या सीटमध्ये यायला २००० सालचं लिंकन नॅव्हिगेटर मॉडेल उजाडलं. नुसत्या पंख्याची सीट त्याआधीची, १९९७ मध्ये आलेल्या साब ९-५ मध्ये होती. तुमची या नुसत्या पंख्याच्या घरातली दिसते.

आता घरच्या घरी तपासा. टिश्यू पेपरचा एकच पातळ पदर घ्या, सीटवर कोणी बसलेलं नसताना तीन नंबर लावा आणि तो भोकांवर ठेवा. चिकटून बसला, तर सीट हवा आत ओढते. फडफडला, तर बाहेर फेकते. दोन्ही पद्धतीच्या सीट असतात. हललाच नाही, तर अडथळा शोधायचा. पाठीच्या भागावर आणि बसायच्या भागावर वेगवेगळं बघा, बऱ्याच सीटमध्ये दोन्हीकडे पंखे वेगळे असतात.

आणि एक खरं सांगा, सीटवर कव्हर आहे का?

लांबचा ड्रायव्हर

गादीबद्दल माझा अनुभव. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारी गादी दोन उन्हाळे वापरली. वारा चांगला लागायचा, ते नाकारत नाही. पण एकदा कचकन ब्रेक मारावा लागला तेव्हा ती माझ्यासकट पुढे सरकली आणि बेल्टचा खालचा पट्टा कंबरेच्या हाडावरून थेट पोटावर चढला. तो पट्टा हाडावरच बसायला हवा. त्या दिवशी काढली ती पुन्हा लावली नाही. तुमचं तर मणक्याचं दुखणं, बसण्याची उंची आणि टेकणं दोन्ही बदलेल.

रोजची वाट

दादा, कव्हर आहे! गाडी हातात मिळाली त्याच दिवशी "लेदर खराब होईल" म्हणून बसवून दिलं होतं. त्या कव्हरला भोकंही आहेत, म्हणून मला कधी शंका आली नाही.

काल संध्याकाळी टिश्यू घेऊन बसले. कव्हरवर ठेवला तर ढिम्म. आज सकाळी अर्धा तास हुक सोडवत बसून कव्हर काढलं. पाठीच्या भागावर ठेवला आणि तो इतका अलगद चिकटला की मी हात सोडला तरी पडला नाही. त्यावर भोकांचे बारीक ठिपकेसुद्धा उमटले. एवढा आनंद झाला! पण बसायच्या भागावर मधोमध काहीच नाही, फक्त पुढच्या कडेला जरासा ओढला जातो. वाकून बघितलं तर बऱ्याच भोकांत पांढरट काहीतरी दिसतंय. सुईनं काढू का?

वायरिंगवाला

सुई नको! भोकाखाली जाळी असते, काही सीटमध्ये हीटरच्या तारा असतात. भोकं मोठी झाली की लेदर तिथूनच फाटायला लागतं.

कव्हरच्या भोकांचं म्हणाल तर ती बहुतेक वेळा दिसायलाच असतात. खाली स्पंजचा थर चिकटवलेला असतो आणि कव्हरची भोकं सीटच्या भोकांवर येतील याची काहीच शाश्वती नसते. तुमच्या सीटच्या बाहेरच्या कडेला एअरबॅगची खूण शिवलेली असेल तर कव्हर परत घालूच नका. एअरबॅग उघडते ती तिथूनच.

पांढरं दिसतंय ते लेदर क्रीम किंवा पॉलिश असणार. कोरड्या मऊ ब्रशनं मोकळं करा आणि लगेच व्हॅक्यूम लावा. ओतायचं काही नाही, थेंब आत गेला तर थेट फोममध्ये आणि पंख्यावर जातो. इथून पुढे क्रीम लावायचंच झालं तर फडक्यावर अगदी थोडं घ्या, आणि तेही भोकं नसलेल्या भागावरच.

त्यानंतर सीटखाली टॉर्च मारून बघा. ओढणारा पंखा हवा खाली सोडतो. तिथे पिशवी, छत्री, दुमडलेलं मॅट काही असेल तर काढा.

वापरायची पद्धत राहिली. उन्हात तापलेल्या गाडीत बसल्या बसल्या सीट चालू केलीत तर ती आतली तापलेली हवाच तुमच्या पाठीकडून ओढते. आधी काचा उघडून गरम हवा जाऊ द्या, मग काचा लावून एसी, आणि केबिन निवली की सीट. एसी बंद ठेवून नुसत्या सीटवर भागवू नका. दमट हवेत घाम सुकत नाही आणि केबिनची हवा कोरडी करण्याचं काम एसीच करतो. गाडी उभी करताना सीटवर फिक्या रंगाचं कापड टाकलंत तर लेदर एवढं भाजणार नाही.

रोजची वाट

पाच दिवस थांबून लिहितेय, म्हणजे योगायोग नाही याची खात्री झाली.

सीटखाली कापडी पिशवी होती, घडी करून मीच सरकवलेली. ती पंख्याच्या जाळीला ओढली जाऊन चपटी चिकटून बसली होती, काढताना हाताला ओढ जाणवली. क्रीम दर रविवारी मी स्वतः चोळत होते, सीट टिकावी म्हणून. ब्रश आणि व्हॅक्यूम करायला दोन संध्याकाळी गेल्या. आता टिश्यू मधोमधही चिकटतो, मागच्या दोन-चार ओळी सोडल्या तर.

पहिली दहा मिनिटं फक्त एसी, मग सीट तीनवर, निम्म्या वाटेवर एकवर आणते. तीनवर कंबर आखडते, एक पुरतो. एसी पूर्वी २१ वर लागायचा, आता २५ वर चालतो. घामोळ्या अजून आहेत, पण नव्या आलेल्या नाहीत.

काल घरी आल्यावर कुर्ता काढून उजेडात धरला. पाठ पूर्ण कोरडी होती. ओला होता तो फक्त छातीवरचा एक तिरका पट्टा, बेल्टखालचा.