ए-लेव्हलला फर्दर मॅथ्स की फिजिक्स? आपापले अनुभव लिहा

आम्ही इंग्लंडात रेडिंगला राहतो. मुलगी इयर ११ मध्ये आहे, उन्हाळ्यात जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा), आणि त्याच्या आधी सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे इयर १२-१३ या शेवटच्या दोन वर्षांसाठी, ए-लेव्हलचे (आपल्या बारावीसारखी परीक्षा) विषय लिहून द्यायचेत. मॅथ्स आणि केमिस्ट्री हे दोन तिचे पक्के आहेत, गाडी अडलीय ती तिसऱ्यावर, फर्दर मॅथ्स (मॅथ्सच्या जोडीला घ्यायचा गणिताचाच वेगळा, पुढचा विषय) घ्यायचं की फिजिक्स. चार विषय घेता येतात पण तिच्या शाळेत त्याला जीसीएसईचे ग्रेड फार वरचे लागतात आणि तिला स्वतःलाच तीन विषय नीट करायचेत. पुढे इंजिनिअरिंगचा विचार आहे, केमिकलकडे थोडा कल आहे, पण सोळाव्या वर्षी कोणाचं काय ठरलेलं असतं, त्यामुळे दार बंद होऊ नये एवढीच आमची काळजी.

अडचण अशी की मी आणि नवरा दोघंही महाराष्ट्र बोर्डातून बारावी झालो. अकरावी सायन्स म्हणजे फिजिक्स केमिस्ट्री येणारच, प्रश्न असायचा तो बायो ठेवायचं की इलेक्ट्रॉनिक्स बायफोकल घ्यायचं एवढाच. इथे मात्र मॅथ्सशिवाय फिजिक्स घेणारी मुलं आहेत आणि फिजिक्सला हातही न लावता गणितात मास्टर्स करणारीही आहेत. त्यामुळे आमचा अनुभव तिच्या कामाचा नाही. ज्यांनी ही निवड केलीय किंवा मुलांची जवळून पाहिलीय त्यांनी प्लीज सविस्तर लिहा, देश कुठलाही चालेल.

*

लीड्सहून. माझा लेक मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे, त्याने मॅथ्स, फर्दर मॅथ्स आणि फिजिक्स घेतलं होतं. मेकॅनिकल, सिव्हिल, इलेक्ट्रिकल, एरो यातलं काही मनात असेल तर फिजिक्स सोडू नका, बऱ्याच विद्यापीठांना मॅथ्स आणि फिजिक्स दोन्ही लागतातच, आणि फर्दर मॅथ्स 'असेल तर उत्तम' या खात्यात असतं. केमिकलला मात्र बहुतेक ठिकाणी मॅथ्स आणि केमिस्ट्री मागतात, तिसरा विषय त्या मानाने मोकळा. म्हणजे तुमच्या मुलीचं केमिकल पक्कं असेल तर दोन्ही रस्ते उघडे आहेत, पक्कं नसेल तर फिजिक्स जास्त दारं उघडी ठेवतं. केंब्रिजला इंजिनिअरिंगसाठी ईसॅट नावाची प्रवेश परीक्षा आहे, त्यात फिजिक्सचा पेपर असतो आणि कॅल्क्युलेटर चालत नाही, तेही लक्षात ठेवा.

फर्दर मॅथ्सचा फायदा त्याला पहिल्या टर्मला झाला. कॉम्प्लेक्स नंबर्स, मॅट्रायसेस, डिफरन्शिअल इक्वेशन्स हे सगळं त्याचं आधी झालेलं होतं, ज्यांचं नव्हतं त्यांना नाताळपर्यंत खूप धावाधाव करावी लागली, पण तीही मुलं पुढे बरोबरीने आली हे मी पाहिलंय.

*

मी मूळची सोलापूरची, लंडनमध्ये सरकारी शाळेत ए-लेव्हल फिजिक्स शिकवते. जरा लांबलचक लिहितेय कारण हा प्रश्न दरवर्षी पालकसभेत येतो आणि दहा मिनिटांत उत्तर देता येत नाही.

पहिली गोष्ट, इथल्या फिजिक्सच्या अभ्यासक्रमात कॅल्क्युलस लागत नाही, कारण मॅथ्स न घेतलेल्या मुलांनाही तो पेपर लिहिता आला पाहिजे. किमान ४० टक्के मार्क गणिती कौशल्यावर असतात खरे पण ते गणित म्हणजे सूत्र फिरवणं, ग्राफचा उतार काढणं, लॉग घेणं, अनिश्चितता काढणं अशा प्रकारचं. सिंपल हार्मोनिक मोशन घ्या. माझ्या वर्गात त्वरण विस्थापनाच्या प्रमाणात आणि उलट दिशेला असतं हे सांगून पुढचं कोसाइनचं सूत्र हातात दिलं जातं. त्याच मुलांपैकी जी फर्दर मॅथ्सला बसतात ती तेच समीकरण दुसऱ्या ऑर्डरचं डिफरन्शिअल इक्वेशन म्हणून सोडवतात आणि ते सूत्र येतं कुठून हे त्यांना दिसतं. तो क्षण मी कित्येकदा पाहिलाय, मूल दोन्ही वर्गांत असेल तर त्याचा चेहराच बदलतो. म्हणून ज्याला फिजिक्स मनापासून आवडतं आणि गणितही जमतं त्याला मी दोन्ही घे म्हणते, चार विषय झाले तरी.

दुसरी गोष्ट, जी पालकांना माहीत नसते, ती म्हणजे फिजिक्समध्ये लिहावं लागतं. सहा मार्कांचे प्रश्न येतात, प्रयोग कसा कराल, चूक कुठे शिरेल, ती कमी कशी कराल, सगळं वाक्यांत. गणितात पटापट उत्तर काढणारी मुलं इथे अडखळतात, कारण 'उत्तर तर आलं ना' एवढ्यावर मार्क मिळत नाहीत. आणि प्रॅक्टिकल्स! तारेचा यंग मोड्युलस, कपॅसिटरचं डिस्चार्ज होणं, वेगवेगळ्या रंगांचे एलईडी लावून प्लँक स्थिरांक काढणं, असे निदान बारा प्रयोग दोन वर्षांत होतात, त्यांचा पास वेगळा लिहून येतो, ग्रेडमध्ये धरत नाहीत. मुलीला हाताने काही लावून बघायला आवडतं का, हे विचारा.

तिसरं, फिजिक्सच्या वर्गात मुली चौथा हिस्सासुद्धा नसतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आवडत असेल आणि फक्त वर्गात मैत्रिणी नाहीत म्हणून मागे सरत असेल तर तिला माझ्याकडून सांगा की बस वर्गात, बाकी आपोआप होतं.

*

मी मुलांच्या बाजूने लिहिते, गणितात बीए करतेय. घरी मराठी बोलतो पण लिहायची सवय नाही, समजून घ्या. मी मॅथ्स, फर्दर मॅथ्स, इकॉनॉमिक्स घेतलं, फिजिक्स नाही. मला पुढे गणितच करायचं होतं आणि केंब्रिज, इंपीरियल अशा ठिकाणी गणिताच्या डिग्रीला फर्दर मॅथ्स लागतंच, त्यामुळे निवड सोपी होती. फिजिक्स सुटलं म्हणून यंत्रशास्त्र सुटत नाही, साध्या मॅथ्समध्येही मेकॅनिक्स आहे आणि फर्दरमध्ये ऑप्शन घेता येतो, टक्कर, संवेग, ताणलेली लवचिक दोरी वगैरे. माझ्या शाळेने आमच्यासाठी डिसिजन मॅथ्स निवडलं होतं, त्यात नेटवर्क्स आणि अल्गोरिदम्स असतात, कॉम्प्युटर सायन्सवाल्यांना ते आवडतं. कुठले ऑप्शन शिकवणार हे शाळा ठरवते म्हणून आधी विचारा!

फर्दर मॅथ्स म्हणजे अजून अवघड गणितं असं लोकांना वाटतं. ते खरंतर वेगळं गणित आहे, इंडक्शनने सिद्धता करायला लागले तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला हेच करायचंय. पण वेग खूप असतो, आमच्याकडे इयर १२ मध्ये सगळं ए-लेव्हल मॅथ्स संपवून इयर १३ मध्ये फर्दर सुरू केलं.

*

मेलबर्न. इथे बारावीला मॅथ्स मेथड्स हा गणिताचा विषय आणि त्याच्यावरचा, जास्त अवघड, स्पेशालिस्ट मॅथ्स. स्पेशालिस्टचे मार्क स्केलिंगमध्ये (विषयांचे मार्क एका मापात आणताना) बरेच वर जातात म्हणून आपल्या लोकांत 'स्पेशालिस्ट घेच' असा आग्रह फार. अटार (विद्यापीठ प्रवेशासाठीचा क्रमांक) काढताना इंग्रजी धरून चार विषय पूर्ण धरतात आणि पाचव्या-सहाव्याचे फक्त दहा टक्के, त्यामुळे जो विषय मूल रडत रडत करणार तो स्केलिंगसाठी घेण्यात अर्थ नाही असं आमचं घरात ठरलं. थोरल्याने स्पेशालिस्ट घेतलं, धाकटीने फिजिक्स, दोघं खूश आहेत. एवढंच.

*

नाशिक. धागा परदेशातला आहे पण आमच्याकडचं लिहितो, कुणाला उपयोग होईल. भाचीला संख्याशास्त्र करायचं होतं. सगळे म्हणाले सायन्सच घे. तिने कॉमर्स घेतलं आणि तिथे मॅथ्स की एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) या प्रश्नात मॅथ्स घेतलं. कोलकात्याच्या आयएसआयच्या (इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट) बीस्टॅटला, म्हणजे संख्याशास्त्राच्या पदवीला, बारावीत गणित आणि इंग्रजी लागतं, फिजिक्सची अट नाही, हे आमच्या इकडच्या क्लासवाल्यांना सांगून खरं वाटत नव्हतं. तिथे तिचं नाव लागलं नाही, पण पुण्यात संख्याशास्त्रात बीएस्सीला गेली, बरं चाललंय.

उलट इंजिनिअरिंगसाठी एमएचटी-सीईटी देणाऱ्यांनी पाहावं, २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे, फिजिक्स-केमिस्ट्रीचे पन्नास पन्नास. फिजिक्स सोडता येत नाही पण वेळ कुठे द्यायचा ते इथेच ठरतं.

*

नागपूर. मी बारावीला पीसीबी केलं, गणित नव्हतं. नंतर पायलट व्हायचं डोक्यात बसलं आणि कमर्शिअल लायसन्सला बारावीत फिजिक्स आणि मॅथ्स दोन्ही लागायचे. मग एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालय) एकटं गणित दिलं, कोर्स सुरू व्हायच्या आधी. नोकरी सांभाळून इंटिग्रेशन शिकायला जड गेलं पण जमलं. सांगायचं एवढंच की सुटलेला विषय नंतर उचलता येतो, वेळ आणि पैसा मात्र जातो. एनडीएत हवाई दल आणि नौदलालाही बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं.

*

रत्नागिरीहून, वयाने बरीच मोठी आहे. आमच्या वेळी हा प्रश्न शाळेत नाही, कॉलेजात यायचा. मुंबई विद्यापीठात एफवायला तीन विषय, एसवायला दोन, आणि टीवायला एकाच विषयाची सहा युनिटं. माझ्याकडे शेवटी गणित आणि फिजिक्सच उरले होते. आमचे फिजिक्सचे सर म्हणाले, कोणत्या विषयाचं पुस्तक परीक्षा नसताना उघडतेस ते बघ. मी उघडायचे ते गणिताचं. पुढे तीस-एक वर्षं ज्युनियर कॉलेजात गणित शिकवलं. फिजिक्सचे दोन वर्षांचे तास कधी वाया गेले नाहीत, डेरिव्हेटिव्ह शिकवताना मी वेगापासूनच सुरुवात करायचे, मुलांना लिमिटची व्याख्या नंतर.

*

धागाकर्ती: सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला मोठ्याने वाचून दाखवलं. सोलापूरच्या ताईंचं प्रॅक्टिकल्सचं वाचून म्हणाली की मला ते हवंय, आणि रत्नागिरीच्या काकूंचं ऐकून गप्प बसली, कारण ती मोकळ्या वेळात गणिताची कोडी सोडवते. पुढच्या आठवड्यात शाळेची सिक्स्थ फॉर्म ओपन इव्हनिंग आहे, दोन्ही विषयांच्या शिक्षकांना भेटणार आहोत. काय विचारू?

*

लीड्सहून पुन्हा. तीन गोष्टी विचारा. फर्दर मॅथ्सचा वर्ग नक्की भरणार आहे का, आमच्या जवळच्या शाळेत मुलं कमी म्हणून ऐनवेळी रद्द केला होता. ऑप्शन कुठले, मेकॅनिक्स की स्टॅटिस्टिक्स. आणि टाइमटेबलच्या ब्लॉकमध्ये केमिस्ट्री आणि फर्दर मॅथ्स एकाच वेळी येत नाहीत ना. सप्टेंबरमध्ये पहिल्या काही आठवड्यांत विषय बदलून मिळतो का तेही विचारून घ्या, बऱ्याच शाळा देतात, आणि बदलायचंच झालं तर फर्दर मॅथ्समधून फिजिक्समध्ये जाणं त्या मानाने सोपं पडतं.