लॅब्राडोरला घेऊन पुणे ते बंगलोर, उद्यान एक्सप्रेसने. डॉग बॉक्स की कूपे?

बुंदीची_आई
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. नवऱ्याची बदली बंगलोरला झालीये, तो मार्चपासूनच तिकडे आहे आणि आता एप्रिलअखेरीस मी आणि आमची बुंदी (लॅब्राडोर, वय ७, वजन ३१ किलो, स्वभावाने गरीब पण खाण्याच्या बाबतीत अजिबात नाही) जाणार आहोत. सोबत सोडायला भाऊ येतोय. कारने न्यायची सोय नाही कारण ही बया खंबाटकी घाट यायच्या आतच ओकते, पुढचं कोल्हापूर बेळगाव हुबळी तर विचारच नको. विमानात कार्गोत टाकायचं धाडस माझ्यात नाही. म्हणून उद्यान एक्सप्रेस.

आता गोंधळ असा की थ्री एसीची दोन तिकिटं मी काढून बसलेय आणि नंतर कळलं की तिथे कुत्रा चालत नाही. मग बिल्डिंगमधले एक जण म्हणाले, काही टेन्शन घेऊ नका, ऑनलाइन दोनेक हजारात 'सर्व्हिस डॉग'चं सर्टिफिकेट आणि एक लाल जॅकेट मिळतं, ते घातलं की टीसी काही बोलत नाही. असं खरंच चालतं का? कोणी नेलंय का असं? आणि गार्डच्या डब्यात जो बॉक्स असतो तो कसा असतो?

खडकीचा_बाळ्या
ताई, थ्री एसी आधी कॅन्सल करा, जितक्या लवकर तितकं बरं. एसी टू, थ्री, चेअर कार, स्लीपर, सेकंड क्लास कुठेच कुत्रा चालत नाही. फक्त एसी फर्स्ट किंवा फर्स्ट क्लास आणि तेही आख्खा कूपे (२ बर्थ) किंवा आख्खी केबिन (४ बर्थ) तुमच्याच माणसांची असेल तर. न सांगता नेलात आणि पकडलं तर लगेजच्या दराच्या सहापट पैसे लावतात, शिवाय कुत्र्याची रवानगी मागे गार्डच्या डब्यात.

बॉक्सचं विचारलंत म्हणून सांगतो, माझे वडील गार्ड होते (२०२२ पासून ट्रेन मॅनेजर म्हणायचं, बाबांना अजून जमत नाही). लहानपणी मी तो बॉक्स आतून पाहिलाय, म्हणजे लपाछपी खेळताना शिरलो होतो आणि बाहेर आल्यावर मार खाल्ला. लोखंडी पेटी, पुढे जाळीचं दार, खाली पत्रा. मी तेव्हा दुसरीत होतो आणि मला पाय पोटाशी घ्यावे लागले होते. पामेरियनला ठीक आहे, लॅब त्यात उभी राहू शकणार नाही, वळता पण येणार नाही. आणि उद्यान पुण्याहून दुपारी निघते, म्हणजे एप्रिलअखेरीस कुर्डुवाडी सोलापूर हा पट्टा भर उन्हात. ब्रेकव्हॅनला (म्हणजे गार्डच्या डब्याला) एसी नसतो हो. बाबा म्हणतात उन्हाळ्यात बॉक्समध्ये जनावर आलं की ते स्वतःच्या बाटलीतलं पाणी जाळीतून टाकायचे, मालक पार दुसऱ्या टोकाच्या डब्यात, पाच मिनिटांच्या हॉल्टमध्ये धावत येऊन पाणी पाजून परत जाणं सगळ्यांना जमत नाही. मी असतो तर बॉक्सचं नावच काढलं नसतं.

सदाशिवपेठी
पिल्लू असेल तर टोपलीत घालून कुठल्याही क्लासात नेता येतं. ३१ किलोची टोपली तुळशीबागेत मिळाली तर कळवा.

शेरूकाका
आम्ही आमच्या शेरूला (जर्मन शेफर्ड, आता नाही राहिला) दोनदा एसी फर्स्टने नेलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. लोकांना वाटतं दोन बर्थ कन्फर्म म्हणजे कूपे मिळाला, तसं नाहीये. एसी फर्स्टच्या तिकिटावर बर्थ नंबर येतच नाही, तो चार्ट लागताना ठरतो, आणि तेव्हा तुम्हाला दोघांना चार बर्थच्या केबिनमध्ये अनोळखी नवराबायकोसोबत पण टाकू शकतात. ते नको म्हणाले की संपलं. म्हणून पहिली गोष्ट, दोघांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. दुसरी, आधीच कमर्शियल ऑफिसला लेखी अर्ज द्या की सोबत कुत्रा आहे, कूपे द्यावा, पीएनआर ठळक लिहा, लसीकरणाच्या वहीची झेरॉक्स जोडा आणि पोच घ्या. उद्यान मुंबईहून सुटते त्यामुळे आम्ही पुण्यात दिला आणि मुंबईला पण पाठवला. दोन्ही वेळा कूपे मिळाला पण चार्ट येईपर्यंत बायकोने देव पाण्यात ठेवले होते.

मग प्रवासाच्या दिवशी कुत्र्याला घेऊन पार्सल ऑफिसला. तीन तास आधी जा, खरंच जा. व्हेटचं फिटनेस सर्टिफिकेट लागतं, ते निघायच्या २४ ते ४८ तासांतलं हवं आणि त्यावर जात, रंग, नर की मादी सगळं लिहिलेलं हवं. आमच्या व्हेटने पहिल्या वेळी रंग लिहिलाच नव्हता, खिडकीवरचा माणूस म्हणाला 'काळा-तपकिरी' लिहून आणा, तेव्हा मी रिक्षाने परत, आणि बायको शेरूला घेऊन हमालांच्या गाड्यांमध्ये उभी. तो बिचारा आंब्याच्या पेट्यांचा वास घेत बसला होता, एका पेटीवर तंगडी वर करणार तेवढ्यात तिने ओढला. पैसे लगेजच्या दराने लागतात, फार नसतात. ती पावती जिवापाड जपा, टीटीई पहिल्यांदा तीच मागतो.

खायला निघायच्या चार तास आधी थोडंसं, मग फक्त पाणी. जुनी चादर, वर्तमानपत्रं, मझल (तोंडाला बांधायची जाळी) आणि दोन पट्टे घ्या. एक तुटतोच.

पांढरीकाठी
मी जन्मापासून पूर्ण अंध आहे, स्क्रीन रीडरवर लिहितोय, चूकभूल द्यावी घ्यावी. ताई, तुम्ही भाबडेपणाने विचारलंत हे कळतंय, राग तुमच्यावर नाही, पण ते लाल जॅकेटवाल्या शेजाऱ्यांना माझा एक निरोप द्या. माझा एक मित्र इंग्लंडला असतो, त्याच्याकडे गाइड डॉग आहे. मी गेलो होतो तेव्हा त्याच्यासोबत चाललोय. त्या कुत्र्याच्या पाठीवर कडक हँडल असतं, फुटपाथची कड आली की तो थांबतो, मित्र पायाने चाचपून बघतो मग म्हणतो 'फॉरवर्ड'. एकदा तो म्हणाला आणि कुत्रा हललाच नाही. दोन सेकंदांनी समोरून आवाज न करणारी इलेक्ट्रिक गाडी गेली, मला पण ऐकू आली नव्हती. हुकूम कधी मोडायचा हे पण त्याला शिकवलेलं असतं. दोन हजारात काय मिळतं ते तुम्हीच ठरवा.

आपल्याकडे मला सवलत आहे, स्लीपर आणि थ्री एसीला ७५ टक्के, एसी टू आणि फर्स्टला ५० टक्के, सोबतच्या माणसालाही तेवढीच. चांगली आहे, मी वापरतो. पण सोबती चार पायांचा असला तर मला फर्स्टचं भाडं परवडायला हवं. उद्या असे ट्रेन केलेले कुत्रे इथे वाढले आणि आम्ही मागणी करायला गेलो तर टीसी म्हणणार, हो हो, असली जॅकेटं खूप बघितली.

औंधची_आजी
मुलगी न्यू जर्सीला आहे म्हणून सांगते, तिथल्या अ‍ॅमट्रॅक गाडीत कुत्रं-मांजर नेतात पण पिंजऱ्यासकट २० पौंड, म्हणजे साधारण ९ किलोपर्यंत, आणि सात तासांपर्यंतच्याच प्रवासाला. ट्रेन केलेला सर्व्हिस डॉग असेल तर वजनाची अट नाही, पैसेही नाहीत, मात्र नुसता मनाला आधार म्हणून पाळलेला त्यात धरत नाहीत. तुमची बुंदी तिथेही बसली नसती गं.

बुंदीची_आई
सगळ्यांचे खूप आभार. पांढरीकाठी दादा, वाचून लाज वाटली खरं सांगते, शेजाऱ्यांना तुमचा मेसेज जसाच्या तसा वाचून दाखवला, ते आता लिफ्टमध्ये भेटले की मोबाइलमध्ये बघतात. थ्री एसी कॅन्सल केली, फर्स्टची दोन तिकिटं एकाच पीएनआरवर काढली, दोन्हीकडे अर्ज दिला, पोच आहे.

बुंदीची_आई
अपडेट देते, पोचलो!! चार्टमध्ये कूपे आला तेव्हा मी किचनमध्ये ओरडले. पार्सल ऑफिसला काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन तास आधी गेलो, सर्टिफिकेटवर 'बिस्किटी' रंग लिहून घेतला होता तरी खिडकीवर म्हणाले बिस्किटी म्हणजे नेमका कोणता, मग माझ्या पर्समधला पार्लेजी काढून दाखवला, शिक्का बसला. बिस्कीट बुंदीने खाल्लं. रात्रभर खालच्या बर्थवर भावाच्या पायांवर झोपली, घोरत होती. फक्त शू काही केली नाही, सोलापूरला उतरवलं, नाही; वाडीला उतरवलं, नाही; गुंतकलला मध्यरात्री भाऊ तिला घेऊन प्लॅटफॉर्मवर 'कर गं बाई कर' म्हणत उभा, तिथे पण नाही. बंगलोरला स्टेशनबाहेर नवरा हार घेऊन आला होता, त्याच्या नव्या कारच्या टायरवर.