मदत हवी आहे: मेल पोचली हे सिद्ध कसं करायचं? आणि माझ्या नावची मेल खोटी आहे हे?

एका व्यवहारात अडकलोय. तीन आठवड्यांपूर्वी समोरच्याला मेलने कळवलं की काम थांबवतोय. तो म्हणतो, मेल आलीच नाही. सेंटमध्ये ती आहे, बाउन्स झालेली नाही. सर्व्हर बघणाऱ्या मित्राने लॉग काढून दिला, त्यात पलीकडच्या सर्व्हरचं उत्तर २५० आहे, म्हणजे 'ठीक आहे' असा कोड. एवढं पुरतं का? वाचल्याची पोच मागितली होती, ती आली नाही.

वर त्याने माझ्या नावची एक मेल मलाच फॉरवर्ड केलीय. त्यात म्हणे मी आणखी महिनाभर काम करायला कबूल झालोय! फ्रॉममध्ये पत्ता माझाच. हेडर (मेल कुठून कशी आली याच्या नोंदी) उघडले तर सगळे त्याच्या फॉरवर्डचे. त्याच्याकडे नक्की काय मागू?

प्रतिसाद १:
कुठला २५० ते आधी बघा. पत्ता मान्य झाला तरी २५० येतो. मजकूर संपल्यावर एकटं टिंब जातं, त्यानंतरचा २५० हवा. तो असेल तर त्यांच्या सर्व्हरने मेल ताब्यात घेतली. मग ती स्पॅममध्ये गेली की फिल्टरने गिळली, हे त्यातून कळत नाही. त्या ओळीत क्यू आयडी (त्यांच्या सर्व्हरने मेलला दिलेला नंबर) असेल तर जपा, त्यांच्या ॲडमिनला त्यावरून माग काढता येईल. वाचल्याची पोच विसरा, ती द्यायची की नाही हे वाचणाऱ्याच्या मर्जीवर.

फ्रॉममध्ये कुणीही काहीही लिहू शकतो. मेल पाठवायचा नियमसंच, एसएमटीपी, १९८२ सालचा, त्यात पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोयच नव्हती. मूळ मेल ईएमएल फाइल म्हणून, म्हणजे हेडरसकट जशीच्या तशी, मागा. त्यात तुमच्या डोमेनची (पत्त्यातला @ नंतरचा भाग) डीकेआयएम सही, म्हणजे पाठवणाऱ्या सर्व्हरने जोडलेली डिजिटल सही, आहे का बघा आणि ती स्वतः तपासा. 'डीकेआयएम पास' ही ओळ फाइलमध्ये हातानेही लिहिता येते. सही झाल्यावर मजकुरातला एक शब्द बदलला तरी ती जुळत नाही. मात्र उशीर नको, सही तपासायची जुनी किल्ली (की) डोमेनवाले डीएनएसमधून, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींतून, काढून टाकतात, मग तपासणार कशावर? आणि सही जुळलीच, तर तुमच्या खात्यात कोण लॉगिन झालं होतं ते आधी शोधा.

धागाकर्ता:
२५० टिंबानंतरचाच आहे, क्यू आयडीसकट. पासवर्ड बदलला, अनोळखी लॉगिन दिसलं नाही. ईएमएल मागितली तर त्याने पीडीएफ पाठवली.

प्रतिसाद २:
पीडीएफमध्ये हेडर नाहीत, तपासण्यासारखं काही नाही. परत ईएमएलच मागा, लेखी.